नकाबवर वाद घालायच्या आधी एवढं करा

पहिलं म्हणजे शब्द नीट वापरा. हिजाबात चेहरा उघडाच असतो, नकाबात फक्त डोळे दिसतात, आपण सरसकट सगळ्यालाच बुरखा म्हणतो आणि मग तासन्‌तास भांडत बसतो. नंतर कायदा वाचा, फ्रान्सचा २०१० चा कायदा सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर आहे, साध्या स्कार्फवर नाही, त्यात धर्माचं नावसुद्धा नाही पण फटका कुणाला बसतो ते उघड आहे, आणि २०१४ ला युरोपियन मानवाधिकार कोर्टाने तो कायम ठेवला.

सिक्युरिटीचा मुद्दा निघाला तर विचारा, लेडी ऑफिसरसमोर मिनिटभर चेहरा दाखवून भागत असेल तर रस्त्यावर बंदी कशाला?

आणि प्लीज, जी घालते तिला विचारा, घरचे समोर नसताना. तिला यावर बोलायचं नसेल तर विषय तिथेच सोडा.