निवृत्त लढाऊ जेट संग्रहालयासाठी तयार करताय? या चुका टाळा

जेट ट्रेलरवरून उतरतं, सगळे फोटो काढतात, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "रंग कधी मारायचा?" मी पाहिलेल्या बहुतेक चुका याच प्रश्नापासून सुरू झाल्या. विमान आता उडणार नाही, तेव्हा दिसायला चकाचक असलं की झालं, असा त्यामागचा हिशेब. पण सेवेत असताना हेच विमान प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर कुणीतरी हात लावून तपासत होतं. एकदा ते दोरीच्या कुंपणाआड उभं राहिलं की आत काय चाललंय ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. त्यामुळे इथे राहून गेलेली चूक उडणाऱ्या विमानातल्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त दिवस तशीच राहते.

"सगळं काढलेलं आहे" यावर विश्वास ठेवणं

विमान ताब्यात देणारा माणूस हे वाक्य हमखास बोलतो, आणि बिचारा खोटं बोलत नसतो. त्याला तसं कुणीतरी सांगितलेलं असतं. इजेक्शन सीटमध्ये, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटमध्ये, एकच काडतूस असतं असं समजू नका. सीट वर फेकणारी मुख्य तोफ, छोटी पॅराशूट बाहेर ओढणारी वेगळी तोफ, नंतरच्या सीटमध्ये खाली रॉकेट, पट्टे सोडवणारी यंत्रणा, आणि कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवून लावण्याची सोय निराळीच. यातलं मुख्य काडतूस काढून बाकीची तशीच ठेवलेली असू शकतात. हॉक किंवा हॅरिअर या ब्रिटिश विमानांच्या कॅनोपीत काचेवर नागमोडी रेघ दिसते. पाहणाऱ्याला ती हीटरची तार वाटते. ती स्फोटक दोरी आहे. वैमानिक बाहेर पडताना काच फोडण्यासाठी बसवलेली. जुनी झाली म्हणजे निकामी झाली असं धरून चालू नका. जुनं स्फोटक कधी आणि कशाने पेटेल याचा भरवसा उलट कमी होतो.

आणि सीट चुकून उडू नये म्हणून लावलेली सेफ्टी पिन? 2011 साली ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज या कसरती पथकातल्या हॉकची सीट विमान जमिनीवर उभं असताना उडाली आणि वैमानिक दगावला. चौकशीत एक बाब पुढे आली: सीट उडवायची मूठ तिच्या सुरक्षित जागेवर नसतानाही पिन भोकात जात होती. बघणाऱ्याला पिन दिसते, तो निश्चिंत होतो.

म्हणून आमचा नियम साधा आहे. शस्त्रास्त्र विभागात काम केलेला, त्या जातीची सीट ओळखणारा तंत्रज्ञ येतो, प्रत्येक काडतुसाच्या जागेसमोर 'काढलं' असं लिहून सही करतो, आणि तो कागद हातात पडेपर्यंत कॉकपिटच्या कडेवरून आत कुणीही वाकत नाही. पाहुणे नाहीत, अध्यक्ष नाहीत, अध्यक्षांचा नातूही नाही. यादीत सीटशिवाय बाकीच्या जागाही हव्यात. आग विझवणाऱ्या बाटल्यांवरची काडतुसं, पंखाखाली टाक्या आणि बॉम्ब टांगणारे व सोडणारे पायलन, फ्लेअरचे (क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या जळत्या गोळ्यांचे) डबे. हंटर या ब्रिटिश जेटच्या सुरुवातीच्या नमुन्यांत इंजिन काडतुसाने सुरू व्हायचं. पुढे मार्क 6 मध्ये त्यासाठी आयसोप्रोपिल नायट्रेट आलं, जे हवेशिवायही जळतं. एफ-16 मध्ये आणीबाणीच्या वीजपुरवठ्यासाठी हायड्राझीन असतं, आणि ते अत्यंत विषारी आहे. आपल्या विमानात काय होतं ते त्याच्या देखभालीच्या पुस्तकात सापडतं. पुस्तक मिळेपर्यंत पान्हा खाली ठेवा.

इंजिन बंद म्हणजे दाब संपला, असं समजणं

लढाऊ विमानाचं चाक बऱ्याचदा दोन अर्ध्या भागांचं असतं, मधून बोल्टने आवळलेलं. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर दोन्ही अर्धे भाग समोरच्या माणसावर सुटतात. आधी हवा हळूहळू सोडायची, मग व्हॉल्व्हचा गाभा काढायचा, हवा पूर्ण गेली याची खात्री करायची, मगच बोल्टला हात. लँडिंग गिअरच्या पायात तेलाबरोबर नायट्रोजन कोंडलेला असतो. हायड्रॉलिकचे अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे दाब साठवणाऱ्या टाक्या, इंजिन काढून नेल्यावरही दाब धरून बसतात. मिग-21 चे ब्रेक तर दाबाच्या हवेवर चालतात, म्हणजे तिथे हवेच्या बाटल्याही आल्या. ऑक्सिजनच्या जोडांना चुकूनही ग्रीस लावू नका, आग लागू शकते. इंधनाच्या टाकीबद्दल एवढंच: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त सांभाळायची, कारण पेट घेते ती वाफ.

कोरडं घासणं

पत्र्यावरचा पिवळट हिरवा प्रायमर क्रोमेटचा असतो. तो कोरड्या पॉलिश पेपरने घासला की उडणारी धूळ कर्करोगाला आमंत्रण देते. बोल्टवरचा सोनेरी झाक असलेला मुलामा कॅडमिअमचा असू शकतो, आणि तोही विषारी. ब्रेकमध्ये आणि इंजिनाभोवतीच्या उष्णतारोधक गुंडाळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे पाणी लावून घासा, चांगला मास्क घाला, धूळ ओढून घ्या. काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची सवय ज्यांना आहे, त्यांना आधी आवरा.

जुन्या कॉकपिटमधल्या डायलची गोष्ट वेगळी. आकडे आता अंधारात चमकत नाहीत, म्हणून त्यांच्या रंगातलं किरणोत्सर्गी रेडिअम 'संपलं' असं कितीतरी जण सांगतात. संपलेलं असतं ते झिंक सल्फाइड, म्हणजे प्रकाश देणारा पदार्थ. रेडिअमचं अर्धायुष्य (अर्धं उरायला लागणारा काळ) 1600 वर्षांच्या आसपास आहे, तेव्हा ते जवळजवळ आहे तेवढंच शिल्लक आहे. वर त्यातून रेडॉन वायू निघतो आणि बंद कॅनोपीखाली साचतो. काम सुरू करायच्या आधी कॅनोपी उघडून हवा खेळू द्या, किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र घेऊन एकेक डायल तपासा, आणि काच कुठल्याही परिस्थितीत उघडू नका. आतली सुटलेली पापुद्र्यासारखी कणी श्वासावाटे गेली तर ती परत काढता येत नाही. काही जेट इंजिनांच्या कवचात मॅग्नेशिअमबरोबर किरणोत्सर्गी थोरिअम मिसळलेलं असतं, तिथे ग्राइंडर लावू नका. साध्या मॅग्नेशिअमचा कीससुद्धा पेटला तर पाण्याने आणखी भडकतो.

पंख कापून आणणं, आणि "डावा" लिहून मोकळं होणं

वाहतूक सोपी व्हावी म्हणून पंख गॅस कटरने कापून आणलेलं विमान मी पाहिलंय. मुख्य आडवा कणा एकदा कापला की तो पुन्हा जोडलेला दिसतो, पण भार घेत नाही; आयुष्यभर खालून टेकू द्यावा लागतो. बनवणाऱ्यानेच सुटे करायची जागा ठेवलेली असते. मिग-21 आणि हंटर या दोन्हींचं मागचं धड इंजिन काढण्यासाठी अख्खं सुटं होतं. बोल्ट निघत नाही म्हणून वैतागू नका. भेदक तेल घाला, दोन दिवस थांबा, परत घाला. पंखाचं वजन झोळीने नीट तोललेलं नसेल तर पंख धडाला जोडणारी पिन अडकते, आणि लोक बिचाऱ्या पिनवर हातोडा चालवतात. क्रेनवाल्याला बोटभर वर-खाली करायला सांगा. वजन तोललं गेलं की पिन हाताने निघते.

सुट्या भागांच्या पिशव्यांनी आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. दोघं जण पॅनेलचे स्क्रू काढत होते, एक नाकाकडून, दुसरा शेपटीकडून. दोघांनीही पिशव्यांवर प्रामाणिकपणे 'डावा' लिहिलं. एकाचा डावा विमानाकडे तोंड करून, दुसऱ्याचा वैमानिकासारखा बसून. स्क्रूंची लांबी दोन-तीन मिलिमीटरने वेगवेगळी होती, त्यामुळे चूक लगेच कळली नाही. लांब स्क्रू आत नळीला टेकला तेव्हा कळली. तेव्हापासून डावा म्हणजे वैमानिकाचा डावा, हे भिंतीवर लिहून ठेवलंय. पिशवीवरची मार्करची शाई तेलाने पुसली जाते, म्हणून पत्र्याची चकती किंवा आत कागदाची चिठ्ठी. आणि काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, काढल्यावर फोटो.

इंजिन काढून ठेवायचं असेल तर तोल बदलतो हे विसरू नका. मागचं जड इंजिन गेलं की नाकाचं चाक दबतं. नाकातलं रडार आणि तोफा काढून टाकल्या तर उलट होतं: एखादा माणूस शेपटीवर चढतो आणि नाक हवेत जातं. जेवढं वजन काढलं तेवढं त्याच जागी परत ठेवा.

गंजावर लांबी (पुट्टी) भरणं

अ‍ॅल्युमिनिअम तांबडं होत नाही, म्हणून गंज नजरेतून सुटतो. पांढरी भुकटी, रंगाखाली केसासारख्या रेषा, किंवा दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा उशीसारखा फुगलेला, ही त्याची लक्षणं. फुगवटा म्हणजे जोडाच्या आत गंज वाढतोय आणि तो धातूपेक्षा जास्त जागा घेतोय. त्यावर लांबी भरून घासली की दोन वर्षांनी तीच लांबी तडकून पडते. जोड उघडा, साफ करा, रसायनाने संरक्षण द्या, मगच बंद करा.

साफ करताना वाळूचा फवारा नको. विमानाच्या पत्र्यावर बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमचा थर असतो, जाडीच्या साधारण पाच टक्के. तोच पत्र्याला वाचवत असतो. वाळू तो खरवडते, पत्राही वाकडा होतो. स्टीलचा ब्रश किंवा स्टील वूल वापरलं तर लोखंडाचे कण रुततात आणि त्यांच्याभोवती नवा गंज सुरू होतो. साध्या पेन्सिलने पत्र्यावर खूण करणंही टाळा, त्यातलं ग्राफाइट हेच काम करतं. रिव्हेट गेलं तर त्याच धातूचं बसवा. हाताशी आहे म्हणून स्टीलचं पॉप रिव्हेट ठोकू नका. 2013 साली इंग्लिश खाडीच्या तोंडाजवळच्या गुडविन सँड्स या समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यातून दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन बॉम्बफेकी विमान डॉर्निअर 17 बाहेर काढलं, तेव्हा ते घासायला कुणी घेतलं नाही. सौम्य सायट्रिक आम्लाच्या फवाऱ्याखाली त्याला दीर्घकाळ ठेवलं. एवढा धीर धरणारी माणसं कुठल्याही गटात सापडणं अवघडच.

आठवणीतला रंग

शेवटी रंग. बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढी गोल जागा हळूहळू घासत गेलं की कडेला थरांची वलयं दिसतात: वरचा राखाडी, खाली हिरवा, त्याखाली कुठल्यातरी जुन्या स्क्वॉड्रनचा पट्टा. तीच खरी नोंद. जुन्या रंगीत फोटोंवर विसंबू नका, फिल्मचे रंग उडतात. छटा ब्रिटिश बीएस 381सी, अमेरिकन फेडरल स्टँडर्ड 595 किंवा आरएएल तक्त्यावरून पक्की करा. मग एक तारीख ठरवा. त्या दिवशी हे विमान कुठल्या तुकडीत होतं, त्याचा क्रमांक काय होता, पट्टे कसे होते? याचा क्रमांक, त्याचं बोधचिन्ह आणि तिसऱ्याचीच रंगसंगती, असं खिचडी विमान कधीच अस्तित्वात नव्हतं. मूळ रंगाचा एक तुकडा झाकून जसाच्या तसा ठेवा. माझं मत विचाराल तर काही विमानं रंगवूच नयेत. 1973 मध्ये नॉर्वेतल्या होकलिंगेन तळ्यातून काढलेलं दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान हॅलिफॅक्स लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयाने मोडकं-गंजलेलंच ठेवलं, आणि त्याच्यासमोर लोक जास्त वेळ थांबतात असा माझा अंदाज आहे.

रंगवताना कॅनोपी नीट झाका. ती अ‍ॅक्रिलिकची असते बहुतेकदा. थिनर, पेट्रोल किंवा अमोनिआवाला काच-क्लीनर लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि त्या पॉलिशने जात नाहीत. मास्किंग टेप उन्हात महिनाभर ठेवली तर तीही निघत नाही.

उघड्यावर उभं राहिल्यावर

पोटाखाली तांबडं तेल ठिबकत असेल तर भांडं ठेवून विषय संपवू नका. हायड्रॉलिकचे सील सुकलेत. तेल पूर्ण काढून नळ्यांची तोंडं बंद करा. टायर बसत चालले असतील तर विमान जॅकच्या ठरलेल्या जागी टेकूंवर घ्या, चाक जमिनीला नुसतं टेकलेलं राहू द्या. इनटेक (इंजिनाला हवा घेणारं तोंड) आणि मागच्या नळकांड्याला जाळी लावा, नाहीतर पक्षी घरटं करतील. त्यांची विष्ठा पत्रा खाते. मात्र सगळं प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक मात्र अगदी क्षुल्लक आहे. पोटाला आणि पंखांच्या खालच्या अंगाला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, आणि रंगारी ती लांबी-रंगाने बुजवतो, कारण त्याला ती खड्ड्यासारखी दिसतात. रंग वाळल्यावर प्रत्येक भोकात तार घालून बघा. मग पहिल्या मोठ्या पावसानंतर टॉर्च घेऊन विमानाखाली आडवे व्हा आणि भोकं मोजा. ज्या भोकातून थेंब पडत नाही, त्याच्या वरचं पॅनेल त्याच दिवशी उघडा.