पाठ टेकली की झोप उडायची: माझा अनुभव

लक्षण असं: दिवसभर लेक्चरला डुलक्या, पण रात्री अंथरुणावर पाठ टेकली की टक्क जागी. झोप लागेपर्यंत २ वाजायचे. हे अख्खं सत्र चाललं.

लॅव्हेंडरचं तेल लावलं, कॅमोमाइल चहा घेतला. वास छान, झोप नाही. रविवारी दुपारपर्यंत झोपून भरपाई करायचे, त्याने सोमवार आणखी बिघडायचा. अश्वगंधा घेणार होते, पण माझं थायरॉइडचं औषध चालू असल्याने डॉक्टरांनी मनाई केली. वनस्पतीची असली तरी गोळी ती गोळीच, आधी विचाराच. अगदी रडकुंडीला आले होते.

फरक पडला तो या क्रमाने. आधी गजर, रोज ६:३० ला, रविवारीसुद्धा, रात्री कितीही उशीर झाला तरी. मग दुपारी १२ नंतर कॉफी बंद. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण ५ तास लागतात. पलंगावर पुस्तक नाही, मोबाइल नाही. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात खुर्चीत बसायचं, घड्याळ न बघता.

खुर्चीत स्नायू सैल करायचे: पायाची बोटं ५ सेकंद आवळायची, सोडायची, १५ सेकंद थांबायचं. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा. जबड्यापाशी आल्यावर कळलं, मी दिवसभर दात आवळूनच वावरत होते. डोळे जड झाले की परत पलंगावर.

पहिला आठवडा फार जड जातो, तेव्हा सोडू नका. मला तिसऱ्या आठवड्यापासून ११:३० ला झोप लागते.