क्वेरी तासभर संपेना? या चुका टाळा

डेटाबेसमधल्या ओळी बदलणारी अपडेट क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) चालू करून दीड तास झाला आणि स्क्रीन गप्प. 'किती टक्के झालं?' हे नंतर बघू. क्वेरी काम करतेय की कुणाची तरी वाट बघत बसलीये, हे आधी तपासा.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत, म्हणजे कोणतं सेशन (जोडणी) काय करतंय ते दाखवणाऱ्या यादीत, स्टेट 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं की आपण निर्धास्त होतो. मीही झालो होतो. पण लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेल्या ओळी सुटण्यासाठी, ताटकळणारी क्वेरीही तिथे अ‍ॅक्टिव्हच दिसते. त्याच यादीतला वेट_इव्हेंट_टाइप कॉलम वाचा. त्यात 'लॉक' असेल तर पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला आपला पिड (प्रोसेसचा क्रमांक) द्या, वाट अडवणाऱ्याचा पिड मिळतो. माझ्या वेळी ते सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' होतं, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडा ठेवून नुसतं बसलेलं. सहकाऱ्याने बिगिन करून दोन-चार ओळी बदलल्या, मग एक सिलेक्ट (नुसती वाचणारी क्वेरी) चालवून बघितलं आणि कमिट न करताच, म्हणजे बदल पक्के न करताच, तो उठून गेला. क्वेरीच्या कॉलममध्ये शेवटची क्वेरी दिसते, म्हणजे ते गरीब बिचारं सिलेक्ट. त्यावर संशय कोण घेणार? त्याने कमिट केलं आणि माझं अपडेट चार मिनिटांत संपलं.

किती झालं ते बघायला दुसऱ्या विंडोतून सारखा काउंट (ओळींची मोजणी) घेणं ही आणखी एक खोड. मोठा इन्सर्ट (नव्या ओळी भरणं) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर कमिट होईपर्यंत त्याची एकही ओळ बाहेर दिसत नाही. वर तुमचा काउंट डिस्कवर भार टाकतो तो वेगळाच. ओळींचा आयडी सिक्वेन्समधून (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीयंत्रातून) येत असेल तर त्याची लास्ट_व्हॅल्यू बघा. सिक्वेन्स ट्रान्झॅक्शनला जुमानत नाही, त्यामुळे आकडा सरकताना दिसतो.

टक्केवारी दिसली तरी ती कशाची, ते बघा. ऑरेकल डेटाबेसच्या व्ही-डॉलर-सेशन_लाँगऑप्स या यादीत 6 सेकंदांहून जास्त चाललेली कामं येतात, पण एक ओळ म्हणजे एखादा फुल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) किंवा एखादा सॉर्ट, अख्खी क्वेरी नव्हे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधलं पर्सेंट_कम्प्लीट बॅकअप, रिस्टोअर, रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) अशा मोजक्या कामांनाच भरतं. साध्या सिलेक्टला ते शून्यच राहतं. ते शून्य बघून चांगली चाललेली क्वेरी मधेच मारणारे मी पाहिलेत.

मारण्याआधी रोलबॅकचा हिशेब करा. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात मोठं अपडेट मधेच मारलं की केलेलं सगळं उलटं फिरवावं लागतं, आणि वैतागून सर्व्हर रीस्टार्ट केला तरी उरलेला रोलबॅक पुन्हा सुरू होतो. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक झटक्यात होतो, पण मेलेल्या ओळी व्हॅक्यूमसाठी, म्हणजे नंतरच्या साफसफाईसाठी, मागे राहतात.

आणि पोस्टग्रेसमध्ये अडलेल्या अपडेटचा प्लॅन (डेटाबेस ते कोणत्या पायऱ्यांनी करणार ते) हवा असेल तर नुसती एक्सप्लेन कमांड द्या. सोबत अ‍ॅनलाइझ जोडलंत तर तेच अपडेट खरोखर दुसऱ्यांदा चालू होतं.