क्वालिटेटिव्ह स्टडी पहिल्यांदाच करताय? मेथडचं नाव नंतर बघू, आधी प्रश्न

क्वालिटेटिव्ह स्टडी म्हणजे आकडे मोजण्याऐवजी लोकांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत समजून घेणारा अभ्यास, आणि त्यात नवीन लोक सुरुवातच उलटी करतात. आधी ठरवून टाकतात की मी ग्राउंडेड थिअरी करणार, नाहीतर फेनोमेनॉलॉजी (नाव भारी वाटतं ना), आणि मग त्यात बसेल असा प्रश्न शोधत फिरतात. पुढे गाईडने "हीच मेथड का?" विचारलं की बोलती बंद.

समजा विषय आहे घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणारे लोक. "त्यांना किती ताण येतो?" हा प्रश्न इथे चालणार नाही, "किती" आलं की मोजणी आली, त्यासाठी सर्व्हे करा. "ते दिवस कसा निभावतात, मदत कुणाकडे मागतात आणि कुणाकडे मागायचं टाळतात?" हा चालेल. प्रश्न लिहून झाला की तो ज्याला विचारायचाय असा एक माणूस डोळ्यासमोर आणा आणि बघा, हा स्वतःच्या अनुभवातून याबद्दल काही सांगू शकेल का? नसेल तर प्रश्न बदला, माणूस नाही.

आता मेथड. एखादा अनुभव जगताना कसा असतो ते हवं असेल तर फेनोमेनॉलॉजी, एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने कशी घडत जाते ते हवं असेल तर ग्राउंडेड थिअरी (ही ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडली), एखाद्या गटाची जगायची रीत समजून घ्यायची तर त्यांच्यात राहून एथ्नोग्राफी. यातलं काहीच नीट बसत नसेल तर साधं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे शोधणं) करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि लोक सांगतात एक, करतात दुसरं अशी शंका असेल तर नुसत्या इंटरव्ह्यूंवर राहू नका, निरीक्षणही ठेवा.

मग सगळ्यांचा लाडका प्रश्न, सॅम्पल किती? २००६ मध्ये गेस्ट आणि सहकाऱ्यांनी ६० इंटरव्ह्यू तपासले तेव्हा पहिल्या १२ मध्येच जवळपास सगळे मुद्दे येऊन गेले होते, तेव्हापासून १२ हा आकडा जो तो डोळे झाकून टाकतो. पण त्यांचा गट बराचसा एकसारखा होता आणि सगळ्यांना प्रश्नही साधारण तेच विचारलेले, तुमच्या स्टडीत तरुण मुलगा, म्हातारी बायको, पगारी नर्स असे सगळेच असतील तर १२ कुठे पुरणार? प्रपोजलमध्ये एक रेंज द्या आणि नवीन काही यायचं थांबलंय हे कशावरून ठरवणार ते लिहा. आणि भेटेल त्याला धरू नका, मुद्दाम निवडा, त्यात आपल्या अंदाजाच्या अगदी उलट असलेला एकतरी हवाच.

इंटरव्ह्यूसाठी आठ-दहा प्रश्न पुरे. रिसर्चचा प्रश्न जसाच्या तसा समोरच्याला विचारायचा नसतो. "तुम्ही ताण कसा हाताळता?" म्हटलं की पुस्तकी उत्तर येतं, "मागच्या आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस सकाळपासून सांगा" म्हटलं की माणूस खरं बोलायला लागतो. तो गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा, पाच-सहा सेकंद जड जातात पण बऱ्याचदा त्यानंतरच कामाचं काहीतरी येतं. एक पायलट, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, घ्या आणि रेकॉर्डिंग स्वतः ऐका. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ मीच बोलत होते, लाज वाटली.

वेळेचा हिशेब मात्र आधीच मांडा. एक तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, म्हणजे १५ इंटरव्ह्यू म्हटले की नुसतं टायपिंगच ६० ते ९० तास, कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यांना मुद्द्यांची लेबलं लावणं) वेगळंच.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि रेकॉर्डिंगची संमती इंटरव्ह्यूच्या आधी, हे सांगायला नको. पण नाव बदललं की ओळख लपली असं समजू नका, गट छोटा असेल तर "तीन मुलांची आई, रात्रपाळी करणारी" एवढ्यावरूनही लोक ओळखतात.

आणि सगळे इंटरव्ह्यू उरकून मग अ‍ॅनालिसिसला बसू, हे तर अजिबात नको. पहिले दोन झाले की थांबा, उतरवा, वाचा, जे प्रश्न फुकट गेले ते काढा, जे सुचले ते घाला, आणि काय बदललं, का बदललं ते तारीख टाकून वहीत लिहून ठेवा. बदल मोठा असेल तर कमिटीला कळवा आणि मगच तिसऱ्या माणसाला फोन करा.