टीव्ही युनिट निवडताना आधी त्याची मागची बाजू पाहावी

घरी मोठा टीव्ही, एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाजाचे सगळे स्रोत आणि स्पीकर जिथे जोडले जातात ते यंत्र) आणि स्पीकर घ्यायचे ठरले की त्यांच्यासाठीचे फर्निचर बहुधा दर्शनी भाग पाहूनच निवडले जाते. सनमायकाचा रंग भिंतीशी जुळतो का, दिवे कुठे लावायचे, ड्रॉवर किती हवेत, याचीच चर्चा घरात आणि सुताराशी होते. वापराच्या दृष्टीने मात्र तीन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या ठरतात: यंत्रे वायरींसकट आत मावतात का, त्यांच्याभोवती हवा खेळते का, आणि मागच्या जोडण्यांपर्यंत हात पोहोचतो का. या तिन्ही गोष्टी युनिटच्या मागच्या बाजूशी निगडित आहेत, म्हणून निवडीची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

यंत्रे आधी ठरवावीत आणि फर्निचर नंतर. निदान यंत्रांची मापे तरी हातात असल्याशिवाय सुताराला काम सांगू नये. एव्ही रिसीव्हरची रुंदी साधारणपणे 43 सेंमीच्या आसपास असते, पण खरी अडचण त्याच्या डेप्थमध्ये येते. बहुतेक रिसीव्हर पुढून मागेपर्यंत 32 ते 40 सेंमी भरतात, आणि मागे एचडीएमआयचे प्लग व स्पीकरच्या वायरी न मुडपता वळण्यासाठी आणखी 8 ते 10 सेंमी जागा लागते. बाजारातली पुष्कळशी तयार युनिट्स केवळ 35 ते 40 सेंमी डेप्थची असतात, त्यामुळे रिसीव्हर पुढे डोकावत राहतो किंवा प्लग भिंतीवर दाबले जाऊन सैल होतात. सुताराकडून करून घेताना आतली मोकळी डेप्थ 20 इंच, म्हणजे सुमारे 50 सेंमी ठेवायला सांगावे. हे माप मागची पाटी धरून आहे की वगळून, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे. सेट-टॉप बॉक्स, राउटर किंवा गेमिंग कन्सोलसाठी एवढ्या डेप्थची गरज नसते, तेव्हा संपूर्ण युनिट खोल करण्याऐवजी फक्त रिसीव्हरचा कप्पा खोल ठेवला तरी चालते.

त्यानंतर विचार करावा तो उष्णतेचा. रिसीव्हर चालू असताना चांगलाच तापतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत जेव्हा नाशिकचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बंद कप्प्यातली हवा थंड होण्यास वावच राहत नाही. आतले भाग सतत तापत राहिले की त्यांचे आयुष्य कमी होते, आणि काही रिसीव्हर तर अतितापामुळे मध्येच आपोआप बंद होतात. यंत्राच्या वर किमान 10 ते 15 सेंमी मोकळी जागा असावी. उत्पादकाच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त अंतर दिले असेल तर तेच पाळावे. रिसीव्हरच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवण्याची सवय फार सर्रास आढळते, आणि ती मोडायलाच हवी. गरम हवा वर चढते, म्हणून कप्प्याच्या तळाशी पुढच्या बाजूला आणि वरच्या अंगाला मागच्या बाजूला अशा दोन ठिकाणी फटी ठेवल्या, तर हवेचा प्रवाह पंख्याशिवायही चालू राहतो. मागची पाटी पूर्ण बंद न करता अर्धी उघडी ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. दार हवेच असेल तर वेताच्या विणीचे किंवा उभ्या पट्ट्यांचे घ्यावे, कारण त्यातून हवा जाते आणि फटी पुरेशा असतील तर रिमोटचे इन्फ्रारेड किरणही आत पोहोचतात. पारदर्शक काचेतून रिमोट चालतो, पण उष्णता आतच कोंडली जाते. बंद प्लायच्या दारातून यांपैकी काहीच जात नाही. तरीही बंद दारांचाच आग्रह असेल, तर आयआर रिपीटर नावाचे, रिमोटचे किरण आतल्या यंत्रापर्यंत पोहोचवणारे छोटे उपकरण आणि 12 व्होल्टचा एक संथ पंखा यांची सोय सुरुवातीलाच करून घ्यावी.

लाकडाच्या बाबतीत पावसाळा ध्यानात ठेवावा लागतो. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ ओल शोषून फुगतात, आणि एकदा फुगलेली कड पुन्हा सरळ होत नाही. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जात असल्याने तळाची पाटी सर्वांत आधी खराब होते. म्हणून युनिटला 8 ते 10 सेंमीचे पाय असावेत किंवा ते भिंतीवर जमिनीपासून वर बसवावे. आयएस 303 मानकाचा बीडब्ल्यूआर (पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा) प्लाय दिवाणखान्यासाठी पुरतो. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर असेल किंवा पावसात त्या भिंतीला ओल येत असेल, तर आयएस 710 चा बीडब्ल्यूपी (पाण्याला त्याहून जास्त टिकणारा) प्लाय घ्यावा, आणि अशी भिंत टाळता आली तर अधिकच उत्तम. प्रत्येक पाटीच्या सर्व कडांना एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) झाले आहे ना, हे मागच्या न दिसणाऱ्या कडांसह तपासावे. वायरीसाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही उघड्या न ठेवता त्यांना प्लॅस्टिकच्या गोल कॅप बसवून घ्याव्यात, म्हणजे ओल आणि वायर घासणे दोन्ही टळतात.

उंचीचा हिशेब बसण्याच्या जागेवरून करावा. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण 100 ते 110 सेंमीवर असते, आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास यावा. 55 इंची टीव्हीची उंची सुमारे 70 सेंमी असते, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून साधारण 70 सेंमीवर येईल. युनिट 45 ते 50 सेंमी उंच ठेवले तर मधल्या जागेत साउंडबार किंवा सेंटर स्पीकर (टीव्हीखाली मधोमध ठेवायचा स्पीकर) नीट बसतो. हा टीव्ही सुमारे 122 सेंमी रुंद असतो आणि 65 इंची सुमारे 145 सेंमी. युनिट त्याहून दोन्ही बाजूंना थोडे रुंद असावे. टीव्ही पायांवर उभा करायचा असेल, तर दोन पायांमधले अंतर आधी मोजावे. सेंटर स्पीकर फळीच्या पुढच्या कडेशी आणावा, नाहीतर आवाज फळीवर आदळून अस्पष्ट होतो. आवाज छताकडे फेकणारा साउंडबार कप्प्यात ठेवून उपयोग नाही, कारण त्याच्या वर काहीच आडवे येता कामा नये. सबवूफर (खर्ज आवाजाचा स्पीकर) युनिटच्या आत ठेवल्यास अख्खे फर्निचर थरथरते, तेव्हा त्याला जमिनीवरच स्वतंत्र जागा द्यावी.

वायरी लपवण्याचे काम घराच्या प्रकारावर अवलंबून आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला नवा फ्लॅट घेतला असेल आणि प्लास्टर किंवा रंगकाम व्हायचे असेल, तर टीव्हीच्या मागून युनिटच्या मागेपर्यंत 50 मिमीचा पाइप भिंतीत टाकून घ्यावा, कारण एचडीएमआयचा प्लग अरुंद पाइपमधून जात नाही. पाइपला काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड द्यावा आणि पुढे वायर ओढण्यासाठी आत एक मजबूत दोरी सोडून ठेवावी. विजेची वायर याच पाइपमधून कधीही नेऊ नये, तिचा पाइप वेगळा असावा. झिरी विटांच्या भिंतीतच मारावी; कॉलम आणि बीमला हात लावू देऊ नये, मग इलेक्ट्रिशियन कितीही घाईत असो. एचडीएमआयची साधी तांब्याची केबल सुमारे पाच मीटरपर्यंत वापरणे सुरक्षित. त्यापुढे, विशेषतः 4के चित्रासाठी, ऑप्टिकल एचडीएमआय (प्रकाशतंतूंची केबल) घ्यावी. या केबलला दिशा असते आणि तिचे एक टोक यंत्राकडे तर दुसरे टीव्हीकडेच लावावे लागते, म्हणून पाइपमधून ओढण्यापूर्वी टोकांवरील खुणा पाहाव्यात आणि केबल आधी बाहेर जोडून चित्र येते का, हे तपासावे.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, तिथे केसिंग-कॅपिंगची (वायरी झाकणारी प्लॅस्टिकची) पट्टी भिंतीच्या रंगात रंगवून सरळ उभी खाली आणली तर ती डोळ्यांना फारशी खुपत नाही. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांमधील जाड, जुन्या बांधणीच्या भिंतींवर जड टीव्ही टांगण्याचा मोह मी टाळण्यास सांगेन. तिथे जमिनीवर उभे राहणारे युनिट आणि त्यालाच मागून जोडलेली प्लायची उभी पाटी घ्यावी. टीव्ही त्या पाटीवर बसतो, वायरी तिच्यामागे जातात आणि वाड्याच्या भिंतीला धक्का लागत नाही. मात्र टीव्हीच्या वजनाने युनिट पुढे कलंडू नये म्हणून तळ रुंद आणि जड असावा.

युनिटच्या आत विजेच्या वायरी एका बाजूने आणि सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू द्याव्यात. त्यामुळे स्पीकरमध्ये गुणगुण येण्याची शक्यता कमी होते. बांधण्यासाठी वेल्क्रोच्या पट्ट्या वापराव्यात, कारण प्लॅस्टिकचे केबल टाय आवळले की केबल चेपते आणि एक वायर बदलायची झाली तरी सगळे कापावे लागतात. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावावी. स्पाइक गार्ड फरशीवर न ठेवता युनिटच्या आतल्या बाजूला स्क्रूने बसवावा, आणि तो तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावा. त्याचा मुख्य प्लग हाताशी असणे फार आवश्यक आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढणे, आणि डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून सोडवणे, हाच खात्रीचा बचाव असतो. युनिट सरकवल्याशिवाय प्लग दिसतच नसेल तर ते कोणी करणार नाही. जमिनीवरच्या युनिटला कुलूप लागणारी चाके लावून घेतली आणि मागच्या वायरींना हातभर ढील ठेवली, तर दिवाळीच्या साफसफाईत ते काहीही न काढता पुढे ओढता येते.

सर्व जोडणी झाल्यावर मागची पाटी लगेच कायमची ठोकू देऊ नये. दारे लावून, नेहमीच्या आवाजात दोन तास यंत्रे चालू ठेवावीत आणि मग कप्प्याच्या वरच्या फळीला खालून हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतकी ती तापली असेल, तर सुतार घरात असतानाच मागची फट वाढवून घ्यावी किंवा पंखा बसवून घ्यावा, आणि त्यानंतरच त्याच्या कामाचे उरलेले पैसे द्यावेत.