पूर्वजांचा शोध: कपाटांआधी ग्रंथपालांकडे

ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात नुसत्या आडनावावरून पूर्वज शोधू लागल्यास दिवस जातो आणि हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी आडनावाची सर्व संभाव्य लेखनरूपे, गाव आणि अंदाजे कालखंड एका कागदावर लिहून तो आधी ग्रंथपालांना दाखवावा, कारण कात्रणांच्या फायली, जुने नकाशे आणि हाताने केलेल्या सूची यांची नोंद संगणकातील यादीत पुष्कळदा नसते. मृत्यूची तारीख ठाऊक असल्यास वृत्तपत्राच्या मायक्रोफिल्मवर (पानांची अतिलहान छायाचित्रे असलेल्या फितीवर) त्यानंतरच्या आठवड्याचे अंक पाहावेत; एकाच निधनवार्तेत मुली, जावई आणि त्यांची गावे सापडू शकतात. संदर्भ क्रमांक व पृष्ठ तिथल्या तिथे पेन्सिलीने टिपावे (शाईला अनेक ठिकाणी मज्जाव असतो). छापील कुलवृत्तांत मात्र मूळ नोंदींशी ताडल्याशिवाय ग्राह्य धरू नये.