डिले पेडल घ्यायचं की प्लगइनवरच भागवायचं?

डिले म्हणजे आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा, प्रतिध्वनीसारखा इफेक्ट. तो पेडल या छोट्या डब्यातून मिळतो, नाहीतर प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधून. आधी स्वतःला विचारा, डिले वाजवताना हवाय की मिक्स करताना? मिक्ससाठी डोळे झाकून प्लगइन, कारण टेम्पो आपोआप सिंक होतो, एकच डिले दहा ट्रॅकवर लावता येतो आणि सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडलं तरी सेटिंग जागच्या जागी. डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) येणारा फुकटचा डिले आधी नीट वापरून बघा, बहुतेकांचं त्यातच भागतं.

सिंक नसेल तर डिलेच्या वेळेचा हिशोब सोपाय, ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती ठोके). म्हणजे १२० ला एक ठोका ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) ३७५.

पेडलची मजा हातात आहे. एमएक्सआर कार्बन कॉपीसारख्या अ‍ॅनालॉग पेडलचा फीडबॅक (डिले किती वेळा परत येतो ते) वाढवून टाइमचा नॉब फिरवला की सूर असा काही वाकडा होतो ना, माउसने ते जमतं पण तसा मूड येत नाही. फक्त त्यात जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदच मिळतात, तेही मोनो, म्हणजे एकाच चॅनलचे.

आणि हो, ऑडिओ इंटरफेसचं (कॉम्प्युटरला आवाज जोडणाऱ्या डब्याचं) लाइन आउट थेट पेडलमध्ये खुपसू नका, मी खुपसलं होतं, गाण्याचा पार चुरा. मध्ये रीअ‍ॅम्प बॉक्स, म्हणजे तो सिग्नल पेडलला झेपेल असा करणारा डबा लागतो, तो खर्च धरा.